सातही दिवस पावसाचं चिन्ह दिसतंय, तरी मॉरिशसला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून चौघं जण, त्यांत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, येत्या शनिवारी दुपारी मॉरिशसला उतरणार. दिवस सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले. मुक्काम पूर्व किनाऱ्यावर बेल मारला, सात रात्री. मंगळवारी इल ओ सेर्फ बेटाची बोट ठरलेली, पैसे भरलेले. शुक्रवारी तिथल्या मराठी मंडळींचं गणपती विसर्जन बघायची आईंची इच्छा. आणि फोनवरचं अ‍ॅप सातही दिवस ढगाखाली थेंब दाखवतंय. हवामान खात्याच्या पत्रकात मंगळवार-बुधवारी ताशी ७५ किलोमीटरचे झोत लिहिलेत. तारखा बदलाव्यात का?

बदलू नका. बोट मात्र मंगळवारची रविवारी सकाळी करून घ्या, आणि हे आजच करा. हे असं का म्हणतोय ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं तर तिथे पोहोचल्यावर तुमचं तुम्हाला रोज ठरवता येईल.

जहाजांना हवामानाचा सल्ला देण्याचं काम मी पंचवीसेक वर्षं केलं. त्यातली सहा वर्षं मॉरिशसमध्ये मधल्या पठारावरच्या क्वात्र बोर्नला राहत होतो. पहिल्याच जुलैत एका रविवारी पहाटे पाचला पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. आकाश राखाडी, समोरचा डोंगर दिसेना. समुद्रावर जायचा बेत होता, तो मी मोडला आणि पुन्हा झोपलो. दहा वाजता पश्चिम किनाऱ्यावरच्या अल्बियोंहून मित्राचा फोन: "कुठे आहात? इथे ऊन लागतंय." आमच्यात जेमतेम पंधरा किलोमीटर अंतर होतं. त्या दिवसापासून मी त्या बेटावर "आज पाऊस आहे का" असं विचारणं सोडलं. कुठे आहे आणि किती वाजता आहे, एवढंच विचारायचं.

आधी अ‍ॅपचं बघू. अ‍ॅपच्या मागे जी संगणकातली जागतिक हवामान-प्रारूपं (मॉडेल) असतात, त्यातली चांगली प्रारूपंसुद्धा साधारण ९ किलोमीटरच्या चौकटी मानून हिशेब करतात. मॉरिशस लांबीला ६५ किलोमीटर, रुंदीला ४५. म्हणजे अख्खं बेट सात गुणिले पाच चौकटींत संपलं. त्यात ८२८ मीटरचं सर्वांत उंच शिखर पसरट होऊन जातं. शिवाय दिवसाचं एकच चित्र दाखवायचं असतं, म्हणून बऱ्याचदा चोवीस तासांतला सगळ्यात ओला तास उचलला जातो. पहाटे तीनला दहा मिनिटांची सर आली आणि उरलेला दिवस लख्ख गेला, तरी चित्र थेंबांचंच. तुम्ही पाठवलेल्या पानावर बोट ठेवून बघा: रविवार, तीन तासांत ०.३ मिलिमीटर. एवढ्या पावसात रस्ता ओला होतो आणि अर्ध्या तासात वाळतो. बेल मारसारख्या वाऱ्याकडे तोंड केलेल्या गावाला तर हे चिन्ह वर्षातले बहुतेक दिवस दिसतं.

त्याच पानावर खाली वाऱ्याचा बाण असतो, तो कोणी बघत नाही. मॉरिशससाठी खरा अंदाज त्या बाणात आहे.

बेटाच्या दक्षिणेला समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा मोठा प्रदेश असतो, त्याला मास्करीन उच्चदाब म्हणतात. त्याच्या उत्तर कडेने आग्नेयेकडून जे वारे वाहतात, तेच आपण शाळेत शिकलेले व्यापारी वारे. हेच वारे पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, वळतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणात येऊन सह्याद्रीला धडकतात. बेल मारच्या किनाऱ्यावर जो वारा अंगावर येतो त्याचंच हे पुढचं रूप. मला हे पहिल्यांदा नकाशावर नीट उमगलं तेव्हा मी बराच वेळ तो नकाशा बघत बसलो होतो.

हा वारा बाष्प घेऊन येतो, पण त्याच्यावर झाकण असतं. साधारण दोन किलोमीटर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचा थर असतो आणि ढग त्याला टेकून थांबतात. म्हणून ढग बुटके. बुटक्या ढगातून धो-धो पाऊस पडत नाही, सर येते आणि पुढे जाते. बेटावर आल्यावर हे ढग मधल्या पठारावर चढतात, क्युरपीपला, वाकोआला, ग्रां बासँला. तिथे दाटतात आणि रिकामे होतात. पश्चिमेला उतरेपर्यंत हवा कोरडी झालेली असते. वर्षाचा सरासरी पाऊस बेटभर साधारण २००० मिलिमीटर, पण पठारावर तो ४००० पर्यंत जातो आणि पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास राहतो. पठारावरचं क्युरपीप ते पश्चिम किनाऱ्यावरचं फ्लिक आं फ्लाक हे अंतर सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटर. महाबळेश्वरला धुक्यात छत्री उलटत असते आणि वाईला रस्ता कोरडा असतो, तसंच. फक्त दिशा आपल्या सवयीच्या उलट आहे. आपल्याकडे पश्चिम ओली आणि पूर्व पर्जन्यछायेत. तिथे पूर्व ओली, पश्चिम कोरडी. महाराष्ट्रातून गेलेला माणूस नेमका इथेच चुकतो.

आता भरवशाचं बोलू. वारा हजार-दोन हजार किलोमीटरच्या दाबाच्या रचनेतून येतो, त्यामुळे चार-पाच दिवस आधीचा वाऱ्याचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. सर येते दोन-तीन किलोमीटरच्या ढगातून. ती अमुक गावात अमुक वाजता येईल हे सहा तास आधीही कोणी सांगू शकत नाही. म्हणून वाऱ्यावरून जागा ठरवायची, आणि सरीचं त्या त्या वेळी आकाशाकडे बघून.

तुम्ही पाठवलेला नकाशा आणि पत्रक समोर ठेवून पुढचे दिवस सांगतो.

शनिवारी मादागास्करच्या दक्षिणेला एक शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, आहे आणि ती पूर्वेकडे सरकतेय. आघाडी जवळ येते तेव्हा तिच्या पुढ्यातला व्यापारी वारा मंदावतो. म्हणून शनिवारी दुपारी तुम्ही उतराल तेव्हा वारा हलका, ईशान्येकडचा, हवा जरा उबदार, थोडी दमट. रविवारी सकाळी तो आणखी उत्तरेकडे वळेल. पूर्वेकडचं खाजण, म्हणजे प्रवाळाच्या रांगेच्या आतलं पाणी, अशा वेळी काचेसारखं स्थिर असतं. इल ओ सेर्फला जायची वेळ हीच. त्रू दो दूसच्या धक्क्यावरून सकाळी नऊला निघा, दोनपर्यंत परत या. दुपारनंतर पश्चिमेकडून ढगांची फळी दिसायला लागेल आणि रात्री आघाडी बेटावरून जाईल. त्या रात्रीचा पाऊस मात्र पश्चिम किनाऱ्यालाही सोडणार नाही.

सोमवार: वारा दक्षिणेकडे फिरलेला, हवेत गारवा, ढग फाटत जाणारे. समुद्राचा नाद सोडा आणि पोर्ट लुईला जा. आप्रवासी घाट बघा. १८३४ पासून हिंदुस्थानातून आलेली गिरमिटिया माणसं त्याच धक्क्यावर उतरली, त्यांत मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसंही होती. तुमच्या बाबांना तिथे तास-दोन तास कमी पडतील.

मंगळवार आणि बुधवार हे जपायचे दिवस. आघाडीच्या मागून १०३६ हेक्टोपास्कलचा उच्चदाब येतोय. बेटावरचा दाब आणि त्याच्या मध्यावरचा दाब यांतला फरक जितका मोठा, तितका वारा जोराचा. पत्रकातले ७५ किलोमीटर हे झोत आहेत, काही सेकंदांचे. सलग वारा ३५ ते ४० चा असेल. त्यात झाड पडत नाही, पण बेल मारच्या किनाऱ्यावर वाळू पायांना टोचते, खुर्चीवरचा टॉवेल उडतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. खाजणात आखूड, उंच लाटा उठतात. बोट अशा वेळीही कदाचित निघेल, कारण प्रवाळाच्या आत बुडण्याइतका समुद्र नसतो. पण भिजलेल्या अंगावर चाळीसचा वारा घेत अर्धा तास बसायचं हे सत्तरीतल्या माणसांनी करू नये. हा माझा ठाम सल्ला आहे, पैसे परत मिळोत वा न मिळोत.

या दोन दिवसांत गाडी करून पश्चिमेला जा. बेल मारहून फ्लिक आं फ्लाकला दीड तास धरा. वाटेत पठारावर वायपर लागतील, धुकं मिळेल, मागे बसलेलं कोणीतरी म्हणेल की परत फिरू या. फिरू नका. पठार उतरायला लागलात की ऊन दिसेल.

तिथेही एक गोष्ट सांभाळायची, आणि ती वाऱ्यावरून कळत नाही. आघाडीमागची वादळी हवा खूप दक्षिणेला, चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, मोठ्या लाटा उठवते. त्या दोन दिवसांनी बेटापर्यंत येतात, लांब, गोलसर, दोन लाटांमध्ये चौदा-पंधरा सेकंदांचं अंतर. आमच्या धंद्यात त्याला स्वेल म्हणतात, तिथले लोक फ्रेंच शब्द वापरतात, हूल. वारा पडलेला असतो, ऊन असतं, समुद्र शांत दिसतो, आणि पाच-सात मिनिटांनी एक लाट खडकावर माणसाच्या डोक्याइतकी उंच चढते. दक्षिण किनाऱ्यावर सुइयाकजवळच्या ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत नाही, तिथे या लाटा थेट कड्यावर आपटतात. दृश्य सुंदर आहे. ते वरच्या हिरवळीवरून बघा, खाली खडकावर उतरू नका. तामारँच्या खाडीतही हेच, तिथली डॉल्फिन बघायची बोट या दोन दिवसांत घेऊ नका. पत्रकात वाऱ्याच्या ओळीनंतर लाटांची एक ओळ असते. तिथे "प्रवाळाबाहेर ३ मीटरहून उंच" असं काही दिसलं तर मोकळ्या खडकांचा बेत रद्द.

भरती-ओहोटीची काळजी करायचं कारण नाही. कोकणासारखं पाणी तिथे मैलभर आत-बाहेर होत नाही, फरक जेमतेम अर्धा मीटर.

गुरुवारी उच्चदाब पूर्वेकडे सरकेल, वारा कमी होईल, पूर्वेचा होईल. ग्रां बासँचं गंगातलाव हे तीर्थ आणि शामारेल हे डोंगरातलं गाव यांसाठी हा दिवस ठेवा. ग्रां बासँ सुमारे ५५० मीटरवर आहे, बेल मारपेक्षा तीन-चार अंश थंड, त्यावर वारा. त्या बेटावरचे जुलै-ऑगस्ट हे सर्वांत गार महिने, रात्रीचं सरासरी तापमान १६.४ अंशांपर्यंत उतरतं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पठारावर फारसा फरक पडलेला नसतो. आई-बाबांचे स्वेटर बॅगेच्या तळाशी टाकू नका. छत्रीऐवजी टोपीचं विंडचीटर घ्या, व्यापारी वाऱ्यात छत्री टिकत नाही. आणि वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही म्हणून चेहरा, मान, पायांचे पंजे भाजतात. हे मी दरवर्षी पाहुण्यांना सांगायचो, आणि दरवर्षी कोणीतरी रात्री कोरफड लावत बसायचं.

शुक्रवारकडे शेवटी येतो.

हे सगळं कुठे बिघडू शकतं? आघाडी बारा तास लवकर किंवा उशिरा येऊ शकते. क्वचित ती बेटावरच रेंगाळते, मग रविवारी रात्रीचा पाऊस सोमवार संध्याकाळपर्यंत चालतो. हे ओळखायला तुम्हाला नकाशा लागणार नाही. मॉरिशसचा विमानतळ प्लेझॉन्सला आहे, आणि प्रत्येक मोठ्या विमानतळाप्रमाणे त्याचं निरीक्षण, म्हणजे मेटार, थोड्या थोड्या वेळाने जाहीर होतं. इंटरनेटवर ते कोणालाही बघता येतं. त्यात असा एक आकडा असतो: ११०१८, आणि पुढे नॉटची खूण. पहिले तीन अंक दिशा, पुढचे दोन वेग. ११० अंश म्हणजे पूर्व-आग्नेय, १८ नॉट म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. ०९० पूर्व, १८० दक्षिण, ३६० उत्तर. रविवारी संध्याकाळी तिथे ०३० किंवा ३६० आणि वेग सहा-सात दिसला तर आघाडी अजून यायचीय. २०० च्या आसपास दिसला तर ती गेली.

त्याच ओळीत पुढे क्यू १०२१ असं काही असतं, तो दाब. एक चूक नवखे लोक हमखास करतात: सकाळी दहाचा दाब दुपारी चारच्या दाबाशी ताडून बघतात, तो दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरलेला दिसतो, आणि वादळ येतंय म्हणून घाबरतात. उष्ण कटिबंधात दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी-रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे-दुपारी चारच्या सुमारास खाली. आजचा दहाचा दाब कालच्या दहाच्या दाबाशीच ताडायचा. तसा तो सोमवार ते बुधवार चढत गेला तर वारा वाढणार, गुरुवारी उतरू लागला तर वारा पडणार.

याहून सोपं साधन तुमच्या खोलीबाहेर आहे. सकाळी सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. बेल मारच्या वाळूवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहा आणि ढगांचे माथे बघा. तळ सगळ्यांचे एका रेषेत सपाट दिसतील, ते सोडून द्या. माथे जर सपाट, दाबल्यासारखे असतील, तर झाकण घट्ट आहे. दिवसभर सरी येतील आणि जातील, प्रत्येक पाच-दहा मिनिटांची. माथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगून वर चढत असतील तर झाकण सैल झालंय. त्या दिवशी पूर्वेला आणि पठारावर सर लांबेल, अर्धा-पाऊण तासही टिकेल, आणि तुम्ही नाश्ता करून थेट पश्चिमेचा रस्ता धरा. खाली राखाडी पडदा लोंबणारा ढग दिसला की तो किती लांब आहे याचा अदमास घ्या. ३७ किलोमीटरच्या वाऱ्यात दहा किलोमीटरवरचा पडदा पंधरा-सोळा मिनिटांत पोहोचतो. तिथले होडीवाले प्रवाळावरच्या पांढऱ्या रेषेकडे बघतात. ती रेषा तुटक असेल तर निघतात, सलग जाड पांढरी दिसली तर होडी वाळूवरच राहते. धक्क्यावर गेलात तर त्यांना विचारा, मनापासून सांगतात.

हे सगळं हिवाळ्याचं, म्हणजे मे ते ऑक्टोबरचं. तुमच्या ओळखीचं कोणी जानेवारी ते मार्चमध्ये जाणार असेल तर त्यांना हे उत्तर पाठवू नका. तेव्हा धोका वारा जोराचा असतो त्यापेक्षा वारा पडतो त्या दिवशी जास्त असतो. व्यापारी वारा थांबला, झाकण उडालं, जमीन तापली की दुपारी पठाराच्या उतारांवर ढग उभा वाढतो आणि एका जागी सांडतो. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत अशा अचानक आलेल्या पुरात अकरा माणसं गेली, काही भुयारी रस्त्यात अडकून. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या पावसाने त्याच शहरातल्या गाड्या वाहून नेल्या. त्या दिवसांत अ‍ॅप बाजूला ठेवून फक्त वाकोआच्या हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशारा पाळायचा. वर्ग एक ते वर्ग चार असे त्याचे टप्पे आहेत. वर्ग तीन लागला की बाहेर पडायचं नाही, वर्ग चार म्हणजे १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झालेत. सप्टेंबरमध्ये तुम्हाला यातलं काही लागणार नाही.

आता शुक्रवार. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, कारण बहुतेक ठिकाणी विसर्जन त्या दिवशी होतं. पठारावरच्या आँरिएत्ता गावात १८९६ साली पहिला गणपती बसला असं तिथे सांगतात. नकाशावरून शुक्रवारी वारा पूर्व-ईशान्येचा, २० किलोमीटरच्या आत दिसतोय. आठवडाभर पुढचा अंदाज असला तरी त्यावर भरवसा ठेवायला मी तयार आहे, कारण उच्चदाब तोवर बराच पूर्वेला गेलेला असेल. दुपारी पठारावर एखादी सर येईल, मिरवणूक तिच्यासाठी थांबत नाही. आईंना बघायचं असेल तर पश्चिम किनाऱ्यावरचं विसर्जन निवडा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारपर्यंत पोहोचा. बेल मारहून अडीचला निघालात तर सुट्टीच्या गर्दीतही पोहोचाल. गुरुवारी रात्री प्लेझॉन्सचा आकडा बघून मला इथेच कळवा, दिशा १२० च्या पुढे आणि वेग १५ च्या वर असेल तर शुक्रवारची जागा आपण पुन्हा ठरवू.